पहिलं एअर पिस्तूल: लिव्हरचं की सिलिंडरचं?

प्रतापनगरच्या एका ताईंनी लेकीसाठी यांतलं कोणतं घ्यावं असं विचारलंय, म्हणून लिहितो. दोन्हींत छर्रा 4.5 मिलिमीटरचाच, अंतर 10 मीटरच.

लिव्हरच्या पिस्तुलात प्रत्येक नेमाआधी हवा हातानं दाबायची. भरायची कटकट नाही, देखभाल थोडी. पण सामन्यात 75 मिनिटांत 60 नेम, त्याआधी सरावाचे वेगळे! दर वेळी पकड नव्यानं जमवावी लागते, खांदा भरून येतो, आणि लक्ष्यावरचं दहा गुणांचं मधलं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटर व्यासाचं.

सिलिंडरवाल्यात दाबलेली हवा आधीच भरलेली असते, म्हणून ते या कष्टातून सोडवतं. मात्र 200 बार दाबापर्यंत हवा भरायची सोय जवळ हवी, सिलिंडरवरची मुदत तपासायला हवी. नागपूरच्या मे महिन्यात तो बंद गाडीत ठेवूच नका.

जवळपास हवा भरायची सोय नसेल तर लिव्हरचं घ्या. स्पर्धा पक्की असेल, मनगट कोवळं असेल, तर सिलिंडरचंच. ठरेपर्यंत क्लबचं पिस्तूल वापरा.