विदिओ : दांगदुतच्या ठेक्यावर चालणारी इंडोनेशियन सेवा

जकार्तात राहायला आल्यावर इंडोनेशियन भाषा कानावर पडत राहावी, एवढ्याच हेतूने मी ‘विदिओ’ या व्हिडिओ सेवेची वर्गणी भरली होती. भाषा कामापुरती आली, तरी वर्गणी बंद केलेली नाही, आणि त्याचे कारण मुख्यतः गाणी हे आहे.

२०१४ मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हा कोणीही आपला व्हिडिओ चढवावा असे तिचे स्वरूप होते. आज ती घराघरातल्या दूरचित्रवाणीची जागा घेऊ पाहते, आणि ते तिला शक्य झाले, कारण ज्या एमटेक समूहाची ती आहे त्याच्याच मालकीच्या एससीटीव्ही व इंडोसियार या नव्वदच्या दशकात उभ्या राहिलेल्या वाहिन्यांचा प्रेक्षक तिला आयता मिळाला. या दोन्ही वाहिन्या जाहिरातींसह विनामूल्य दिसतात. पैसे पडतात ते फुटबॉलला आणि सेवेच्या स्वतःच्या मालिकांना. २०२२-२३ च्या हंगामापासून इंग्लंडची प्रीमियर लीगही येथे आहे. मोबाइलमधील ई-वॉलेटने वर्गणी भरता येते. आमच्या इमारतीत इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या जोडणीवर रात्री चित्र वारंवार अडखळत असे. त्याच वेळी मोबाइलच्या डेटावर ते स्वच्छ दिसे, म्हणून तो दोष मी या सेवेच्या माथी मारत नाही.

माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे धन म्हणजे इंडोसियारवर २०१४ पासून होत आलेली दांगदुत या इंडोनेशियन संगीतप्रकाराच्या गायनाची स्पर्धा, ‘डी अकॅडमी’. दांगदुत हे नावच गेंदांग या तालवाद्याच्या बोलांवरून आले आहे. तबल्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या या वाद्याचा ठेका मराठी कानाला पहिल्याच वेळी ओळखीचा वाटतो, आणि त्यात नवल नाही. मलय वाद्यवृंद, अरबी वळणे आणि हिंदी चित्रपटसंगीत यांच्या मिश्रणातून हा प्रकार घडला. सत्तरच्या दशकात गायक रोमा इरामा यांनी त्याला रॉकच्या गिटारची जोड दिली, तरी शहरी सुशिक्षित वर्ग त्याला बराच काळ गावंढळ समजत राहिला. अशा संगीताला रोज रात्री झगमगता मंच मिळणे ही मला मोठी गोष्ट वाटते. पश्चिम जावातील चिआंजुरची लेस्ती पहिल्या वर्षीची विजेती ठरली, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. आज ती देशातील आघाडीच्या दांगदुत गायिकांपैकी एक आहे. तिच्या आवाजातील हरकती, ज्यांना येथे ‘चेंगकोक’ म्हणतात, कानात हेडफोन घालून ऐकाव्यात. प्रत्येक गाण्यानंतर परीक्षकांच्या गप्पा मात्र इतक्या रंगतात की एक भाग कित्येक तास चालतो. शेजारच्या आजी त्या गप्पांसाठीच जागतात. मी रेकॉर्डिंग पाहतो आणि थेट गाण्यावर जातो.

स्वतःच्या मालिकांबद्दल माझे मत इतके उत्साही नाही. गुन्हेगारी टोळ्या आणि श्रीमंत घरांतील व्यभिचार यांवरच्या कथा सफाईने चित्रित केलेल्या असतात, पण दांगदुतच्या मंचावर बोलींचे आणि गावांचे जे वैविध्य ऐकू येते, ते त्यांत क्वचितच सापडते. रोजच्या मालिका, म्हणजे ‘सिनेत्रोन’, भाषा शिकणाऱ्याला मात्र फार उपयोगी पडतात, कारण त्यातील पात्रे एकच गोष्ट तीनदा आणि सावकाश बोलतात.

इंडोनेशियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आधी विनामूल्य भाग महिनाभर पाहावा आणि घरात फुटबॉलचे वेड असेल तरच पैसे भरावेत. प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणाचे हक्क देशापुरते असल्यामुळे सुटीत पुण्या-मुंबईला गेल्यावर ते सामने दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. स्पर्धेतील गाणी यूट्यूबवरही आहेत. भारतातील वाचकांनी सुरुवात लेस्तीपासून करावी.