सीओपीडीच्या रुग्णाची किडनी : कोणत्या तपासणीवर विसंबावे?

मिरजेच्या दवाखान्यांत जत, कवठेमहांकाळ भागातून येणाऱ्या सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांत विडी ओढणारे पुरुष असतात, तशाच विडीला कधी हात न लावलेल्या, पण सारा जन्म चुलीच्या धुरात काढलेल्या स्त्रियाही असतात. धाप लागते म्हणून सगळ्यांचे लक्ष छातीकडे राहते आणि किडनीची चौकशी ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबते. अशा रुग्णासाठी हे वाक्य पुरेसे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

किडनी रक्तातून गाळून काढते त्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाची तपासणी स्वस्त असून तालुक्याच्या लॅबमध्येही होते. परंतु क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि जुन्या सीओपीडीत मांड्या-दंड वाळत जातात. त्यामुळे किडनीचे काम मंदावले तरी रक्तातला आकडा मर्यादेतच राहू शकतो.

त्याच रक्ताच्या नमुन्यावरून, वय आणि लिंग विचारात घेऊन काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या रक्त गाळण्याच्या वेगाचा अंदाज, अधिक बोलका असतो. क्रिएटिनिन १.१ असलेल्या ४० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर २०२१ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार सुमारे ८७ येतो, तर तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या ७० वर्षांच्या बाईंचा सुमारे ५४. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार मानला जातो. मात्र हे गणितही क्रिएटिनिनवरच उभे असल्याने फार कृश रुग्णात किडनीची खरी क्षमता याहूनही कमी असू शकते.

तेथे रक्तातील सिस्टॅटिन सी या प्रथिनाची तपासणी उपयोगी पडते, कारण स्नायूंच्या प्रमाणावर ते फारसे अवलंबून नसते. ही तपासणी महाग असते आणि पुष्कळदा नमुना बाहेर पाठवावा लागतो. शिवाय स्टेरॉइड, थायरॉइडचे विकार आणि धूम्रपान यांनी तिचा आकडा बदलतो. म्हणून दम वाढल्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना ती करून घेण्यात अर्थ नाही.

लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (अल्ब्युमिन हे रक्तातील एक प्रथिन) वेगळीच गोष्ट सांगते : किडनीची चाळणी गळते आहे का. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपासून पुढचा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. ताप किंवा लघवीचा संसर्ग असेल, तर तो उतरल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी पुन्हा करावी.

ज्याला मोजक्याच तपासण्या करायच्या आहेत त्याने ईजीएफआर आणि लघवीची ही तपासणी जोडीने करावी. सिस्टॅटिन सी फार कृश रुग्णासाठी, किंवा औषधाची मात्रा त्यावर ठरणार असेल तेव्हा, डॉक्टरांच्या सल्ल्याने राखून ठेवावे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, छातीच्या संसर्गात दिले जाणारे अमिकासिनचे इंजेक्शन आणि सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिले जाणारे कॉन्ट्रास्ट औषध ही तिन्ही किडनीला इजा करू शकतात, म्हणून त्यांच्या बाबतीत किडनीची स्थिती आधी ठाऊक असणे फार मोलाचे ठरते. रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल, तर लॅबकडे तो मागावा आणि इनहेलर पंपाच्या चिठ्ठीबरोबर तोच कागद दर भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावा.