लायसन्सच्या परीक्षेला घरची मोटारसायकल न्यावी की ड्रायव्हिंग स्कूलची?

लर्निंग लायसन्स मिळाल्यापासून 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते आणि लर्निंगची मुदत सहा महिने असते. परीक्षा ज्या प्रकारच्या वाहनासाठी अर्ज केला आहे त्याच प्रकारच्या वाहनावर द्यावी लागते आणि ते वाहन उमेदवारानेच न्यायचे असते. त्यामुळे यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यावरून आरटीओ कार्यालयात अथवा तालुक्याच्या शिबिरात जाणाऱ्याला कोणती गाडी न्यावी हे आधीच ठरवावे लागते.

घरच्या गाडीची मोठी जमेची बाजू म्हणजे हाताला आणि पायाला लागलेली सवय. परीक्षेत आठच्या आकड्यासारख्या आखलेल्या वाटेवर पाय जमिनीला न टेकवता वळायचे असते आणि तिथे सारा खेळ क्लचचा असतो; आपल्या गाडीचा क्लच किती सोडल्यावर ती ओढ घेते हे महिनाभर पांदण रस्त्यावर चालवलेल्याला विचार न करता कळते, तर अनोळखी गाडीवर तोच अंदाज चुकून ती एक तर बंद पडते नाही तर उसळते. गिअरचेही तसेच आहे. स्प्लेंडरसारख्या गाडीत सगळे गिअर एकाच दिशेने पडतात, पल्सरसारख्या गाडीत पहिला खाली आणि पुढचे वर. एका पद्धतीवर शिकलेला पाय दुसऱ्या गाडीवर ऐनवेळी हमखास चुकतो. सरावाला जागा शोधत हिंडावे लागत नाही, कारण बाजार नसलेल्या दिवशी आठवडी बाजाराच्या मोकळ्या जागेत चुन्याने आठ आखून घेता येतो.

घरच्या गाडीचे दुखणे बहुतेक वेळा कागदपत्रांत असते. ती वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असली तरी हरकत नाही. मात्र आरसी, चालू विमा आणि पीयूसी सोबत हवे. गावोगावी अशा कितीतरी गाड्या आहेत ज्या दोन हात फिरून आल्या, पण नावावर करायच्या राहून गेल्या, किंवा ज्यांच्या नोंदणीची 15 वर्षे उलटून गेली तरी नूतनीकरण झालेले नाही. वावरात खताचे पोते न्यायला अशी गाडी चालून जाते, मोटार वाहन निरीक्षकासमोर ती उभी करता येत नाही. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदवलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही पाहून घ्यावे.

दुसरी अडचण गाडी तिथपर्यंत नेण्याची. शिकाऊ उमेदवाराने एकट्याने गाडी चालवू नये, सोबत पक्के लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि गाडीवर पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, असे नियम सांगतो. ती पाटी किमान 18 सेंटीमीटर चौरस असावी लागते. विम्याच्या पॉलिसीतही शिकाऊ चालकाला मान्यता असते ती हा नियम पाळला तरच, म्हणून वाटेत अपघात झाल्यास पाटी नसणे फार महागात पडू शकते. जाताना सोबत्यानेच गाडी चालवावी आणि आपण मागे बसावे, हा मला त्यातल्या त्यात सोपा मार्ग वाटतो.

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेतली तर कागदपत्रांची आणि ती नेण्याची चिंता मिटते, पण पैसे मोजूनही त्या गाडीवर हात बसायला फार थोडा वेळ मिळतो. त्यांच्याच गाडीवर सुरुवातीपासून शिकला असाल तर प्रश्नच नाही. घरच्या गाडीवर शिकून केवळ परीक्षेपुरती त्यांची घेणे मात्र दोन्हीकडून तोट्याचे आहे. कार्यालयाबाहेर कोणाची तरी गाडी पाच मिनिटांसाठी मागून घेणे तर मी कोणालाच सुचवणार नाही.

घरात मोपेड आणि मोटारसायकल दोन्ही असतील, तर थोडे कष्ट घेऊन गिअरच्या गाडीवरच परीक्षा द्यावी. गिअरच्या मोटारसायकलवर उत्तीर्ण झालेला विनागिअर गाडीसाठीही उत्तीर्ण मानला जातो, पण याच्या उलट होत नाही. कॉलेजला मोपेडवर जाणाऱ्या मुलींना घरचे हे क्वचितच सांगतात. घरची गाडी बुलेट असेल तर माझे मत बदलते. सुमारे 110 किलोची 100 सीसी गाडी आठच्या आकड्यात जशी वळते तशी 190 किलोहून जड बुलेट वळत नाही, म्हणून तेव्हा शेजाऱ्याची हलकी गाडी किमान पंधरा दिवस सरावाला मागून तीच न्यावी.

नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते, परीक्षेचे 300 रुपये परत भरावे लागतात आणि तीनदा नापास झाल्यावर 60 दिवस थांबून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. गडचिरोलीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या अहेरीकडच्या माणसाचा अशा प्रत्येक खेपेत एक दिवस आणि पेट्रोल जाते, शिवाय सोबत्याचीही मजुरी बुडते. तेव्हा घरच्या गाडीचा विमा संपला असेल तर तो आधी भरावा आणि परीक्षेची तारीख त्यानंतरच घ्यावी.