एचपी ट्यूनर्स एमपीव्हीआय३: इंजिन बदललेल्या सिल्व्हराडोची मिसिंग शोधायला कितपत उपयोगी?

अमेरिकेत शेव्हरोले सिल्व्हराडो किंवा जीएमसी सिएरा पिकअपमध्ये जंकयार्डातून आणलेलं ५.३ लिटर व्ही-८ इंजिन बसवणं ही नेहमीची गोष्ट आहे. इंजिन सुरू होतं, ऑइल प्रेशर चांगलं असतं, पण मिसिंग (सिलिंडरमध्ये स्फोट हुकणं, म्हणजेच मिसफायर) जात नाही आणि त्याचा पी०३०० हा कोड पुसला तरी परत येतो. या एकाच कामासाठी एमपीव्हीआय३, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं आणि त्यात बदल करणारं एचपी ट्यूनर्सचं यंत्र, घ्यावं का? इंजेक्टर किंवा कॉइलही बदलल्या असतील तर घ्यावं. मात्र ते कोणत्या सिलिंडरवर बोट ठेवतं आणि कुठे गप्प बसतं, हे आधी माहीत हवं.

यंत्र छोटं आहे. एक टोक गाडीच्या ओबीडी (बिघाड तपासायच्या) सॉकेटला, दुसरं लॅपटॉपला. लॅपटॉप विंडोजचाच लागतो. सॉफ्टवेअरचे दोन भाग आहेत: स्कॅनर आणि एडिटर. स्कॅनरने डेटा वाचायला वेगळे पैसे पडत नाहीत. कॉम्प्युटरमध्ये नवी फाइल लिहायची असेल तर त्या गाडीसाठी क्रेडिट विकत घ्यावे लागतात.

सर्वांत उपयोगी पडतं ते क्रँक रीलर्न, म्हणजे क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) मापं कॉम्प्युटरला नव्याने शिकवणं. गाडीचा कॉम्प्युटर क्रँकचा वेग प्रत्येक स्फोटानंतर किती घटला-वाढला यावरून मिसफायर ओळखतो. त्यासाठी क्रँकवरच्या दातेरी रिलक्टर चाकाच्या दातांमधला बारीक फरक त्याने एकदा शिकून साठवलेला असतो. इंजिन बदललं, कॉम्प्युटर जुनाच ठेवला, तर आकडे जुन्या क्रँकचे आणि फिरणारा क्रँक नवा. इथेच बरेच जण फसतात. ‘शिकलेलं नाही’ हा पी१३३६ कोड दिसत नाही म्हणून रीलर्न झालंय असं धरतात. कोड येणार कसा? कॉम्प्युटरच्या लेखी शिकणं केव्हाच झालेलं असतं, फक्त ते दुसऱ्या इंजिनाचं.

रीलर्नची पद्धत सोपी आहे, पण शिस्तीने करावी लागते. कूलंट ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यावं, एसी बंद, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक दाबलेला. स्कॅनरमधून आज्ञा द्यावी आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. ठरावीक आरपीएमला कॉम्प्युटर स्वतः इंधन तोडतो. तो झटका जाणवताच पाय काढायचा. इंजिन खाली येत असतानाच मोजणी होते. मग इग्निशन ३० सेकंद बंद ठेवावं. एक लक्षात ठेवा: रीलर्नने फक्त खोटी मिसिंग जाते. इंजिन हाताला थरथरत असेल, एक्झॉस्टमधून फट-फट येत असेल, तर ती खरी आहे आणि आधी तीच काढायला हवी.

खरी मिसिंग शोधायला स्कॅनरमधले प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर आकडे लावावेत. जुन्या पिढीच्या या ट्रकांत डेटा व्हीपीडब्ल्यू नावाच्या संथ डेटा लाइनवरून येतो आणि तिचा वेग सेकंदाला जेमतेम १०.४ किलोबिट. चाळीस गोष्टी एकदम निवडल्या तर आलेख तुटक होतो आणि नेमका क्षण हुकतो. आठ मिसफायर आकडे, आरपीएम, मॅप (इनटेकमधला हवेचा दाब) आणि दोन्ही बाजूंचे फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा), एवढंच ठेवा. एकाच सिलिंडरवर आकडा चढत असेल तर त्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) शेजारच्याशी बदला. आकडा कॉइलबरोबर सरकला की गुन्हेगार सापडला. नाही सरकला तर प्लग, वायर, मग इंजेक्टर याच क्रमाने. प्लगचा गॅप एक मिलिमीटरच्या आसपास हवा. दोन सिलिंडर सारखेच खराब दिसले तर वायरिंगचे कनेक्टर अदलाबदल झालेत का पाहा. ड्रायव्हरच्या बाजूला १-३-५-७, पलीकडे २-४-६-८, फायरिंग ऑर्डर १-८-७-२-६-५-४-३.

सगळ्याच सिलिंडरवर थोडे थोडे आकडे आले तर ट्रिमकडे वळा. आयडलला ट्रिम +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा ओढतंय. उलट लोडवर ट्रिम वाढत जात असेल तर फ्युएल प्रेशर मोजा. ५८ पीएसआयच्या आसपास हवं. सिलिंडर हेडच्या मागच्या बाजूची अर्थिंगची पट्टी इंजिन उतरवताना काढतात आणि लावायला विसरतात. तीही बघाच.

एडिटरची गरज पडते ती नव्या इंजिनाबरोबर त्याचेच इंजेक्टर आले तर. त्यांचा फ्लो वेगळा असेल आणि कॉम्प्युटरमध्ये जुन्या इंजेक्टरचाच तक्ता राहिला, तर मिश्रण बिघडणारच. गोल आणि चौकोनी कॉइलचंही तसंच: ड्वेल (कॉइल चार्ज होण्याचा वेळ) वेगळा लागतो, म्हणून एका इंजिनावर दोन्ही जाती मिसळू नयेत.

यंत्र थिटं पडतं ते दोन ठिकाणी. क्रँक सेन्सरची लाट ते दाखवत नाही. रिलक्टर चाक वाकडं असेल तर रीलर्न पुन्हा पुन्हा फसतं आणि पुढे ऑसिलोस्कोपच लागतो. (नव्या पिढीचं ५८एक्स, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात ५८ सिग्नल देणारं चाक जुन्या २४एक्स कॉम्प्युटरला जोडलं तर मिसिंग नव्हे, इंजिन सुरूच होत नाही. काळा क्रँक सेन्सर २४एक्सचा, राखाडी ५८एक्सचा.) दुसरं, यांत्रिक बिघाड. इंधन वाचवायला काही सिलिंडर बंद करणारी एएफएम यंत्रणा असलेलं इंजिन असेल आणि मिसिंग १, ४, ६ किंवा ७ वर असेल, तर अडकून बसलेल्या लिफ्टरचा (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा) संशय आधी घ्या. सगळे प्लग काढून, थ्रॉटल उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. कमीत कमी १०० पीएसआय, आणि सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या ७० टक्क्यांखाली नको.

एडिटरमध्ये पी०३०० बंद करायची सोय आहे म्हणून ती वापरू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळतो, आणि रस्त्यावरच्या गाडीत प्रदूषण-नियंत्रणाशी अशी छेडछाड अमेरिकन कायद्याने मना आहे.

फक्त एकदा रीलर्न करायचं असेल तर ते करू शकणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये जाणं स्वस्त पडेल. स्वस्तातल्या ब्लूटूथ डोंगलकडून ते काम होत नाही. इंजेक्टर किंवा कॉइल बदलल्या असतील आणि विंडोजचा लॅपटॉप हाताशी असेल, तर मात्र हेच घ्या.