टायनीएसए अल्ट्रा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लातूर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतील लहान एफएम केंद्रांच्या ट्रान्समीटरची देखभाल हे माझे काम असल्यामुळे मला दुचाकीवरून नेता येईल असा स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर (कोणत्या वारंवारतेवर किती सिग्नल आहे हे पडद्यावर दाखवणारे उपकरण) हवा होता. बेंचवर ठेवायचा चांगला अ‍ॅनलायझर लाखाच्या पुढे जातो, आणि वीज गेलेली असताना टॉवरच्या पायथ्याशी तो कामाला येत नाही. म्हणून टायनीएसए अल्ट्रा हा हातात मावणारा अ‍ॅनलायझर घेतला. पहिला नग नक्कल निघाला आणि सेल्फ टेस्टमध्येच नापास झाला. तो बदलून मिळेपर्यंत दीड महिना गेला. त्यामुळे खोका उघडताच कॅल (चाचणीचा सिग्नल बाहेर देणारे) आणि आरएफ (सिग्नल आत घेणारे) ही दोन टोके सोबतच्या केबलने जोडून सेल्फ टेस्ट घ्यावी, असे मी आवर्जून सांगतो.

साध्या पद्धतीत हे उपकरण १०० किलोहर्ट्झपासून ८०० मेगाहर्ट्झपर्यंत पाहते. परभणी आकाशवाणीची १३०५ किलोहर्ट्झची मध्यम लहर आणि एफएमचे तिसरे हार्मोनिकही (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेवर उमटणारा नको असलेला सिग्नल) त्यात बसते. त्यापुढची अल्ट्रा पद्धत मी मोजमापासाठी वापरत नाही, कारण तेथे नसलेले सिग्नलही पडद्यावर उमटतात.

खरा प्रश्न आहे तो इनपुटला किती सिग्नल द्यायचा याचा. ट्रान्समीटरचे ५० वॅट म्हणजे ४७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीमध्ये, मोजलेली पॉवर). कपलरचा सॅम्पल पोर्ट (मुख्य सिग्नलचा अगदी लहान अंश बाहेर देणारे टोक) ५० डीबी खाली असेल तर उणे ३ डीबीएम हाती येतात, आणि या उपकरणाला उणे २५ च्या खालचीच पातळी मानवते. पहिल्याच महिन्यात ९०.४ मेगाहर्ट्झच्या एका केंद्रावर मी बाहेरचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) न लावता, आतले अटेन्युएशन हाताने कमी ठेवून पाहिले, तेव्हा १८०.८ वर दुसरे हार्मोनिक चांगलेच उंच दिसले. ट्रान्समीटरचा लो-पास फिल्टर (हार्मोनिक अडवणारा भाग) उघडण्यासाठी मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाही होता. तेवढ्यात आतले अटेन्युएशन १० डीबीने वाढवून पाहिले. कॅरिअरचे (९०.४ वरच्या मूळ सिग्नलचे) शिखर जागेवरच राहिले, हार्मोनिक मात्र जवळजवळ तेवढेच खाली बसले. खरे हार्मोनिक असते तर तेही हलले नसते. म्हणजे ते ट्रान्समीटरचे नव्हते, जास्त सिग्नलमुळे अ‍ॅनलायझरच्या स्वतःच्या मिक्सरमध्ये (सिग्नलची वारंवारता बदलणाऱ्या भागात) तयार झाले होते. तेव्हापासून ३० डीबीचा अटेन्युएटर कायम पिशवीत असतो, आणि ही चाचणी केल्याशिवाय मी कोणत्याही केंद्राच्या अहवालात हार्मोनिकचा आकडा लिहीत नाही. टॉवरजवळ आतला एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) बंदच ठेवावा, हे ओघाने आलेच.

आरबीडब्ल्यूचेही (उपकरण एका वेळी वारंवारतेचा किती रुंद पट्टा पाहते त्याचेही) असेच आहे. एफएमचे डेव्हिएशन (आवाजानुसार वारंवारता दोन्ही बाजूंना किती सरकते ते) ७५ किलोहर्ट्झपर्यंत असते, त्यामुळे कार्यक्रम चालू असताना १० किलोहर्ट्झ आरबीडब्ल्यूवर मोजलेली पॉवर कमी भरते. आरबीडब्ल्यू ३०० किलोहर्ट्झवर ठेवली की आकडा योग्य येतो. उलट शेजारच्या चॅनलवर पसारा किती जातो हे पाहायचे असेल, तर ३ किलोहर्ट्झवर मॅक्स होल्ड (प्रत्येक ठिकाणची सर्वांत उंच पातळी धरून ठेवणारी सोय) लावून दहा मिनिटे थांबावे. १९ किलोहर्ट्झच्या पायलटची (स्टिरिओ ओळखण्यासाठीच्या खुणेच्या सुराची) पातळी मात्र येथे कळत नाही, त्यासाठी मॉड्युलेशन मॉनिटरच लागतो. पूर्ण पॉवरसाठीही मी अजून वॉटमीटरवरच विश्वास ठेवतो.

मे महिन्यात उघड्या गच्चीवर पडदा जवळजवळ दिसत नाही, छत्रीच धरावी लागते. बॅटरी एका केंद्राचे काम पूर्ण होईपर्यंत सहज पुरते. एसएमए कनेक्टर (उपकरणाला केबल जोडायचे छोटे टोक) रोज काढूघालू नये. मी त्यावर एक छोटा अडॅप्टर कायमचा बसवला आहे आणि जी झीज व्हायची ती त्याचीच होते. पावसाळ्यानंतर एका ठिकाणी परावर्तित पॉवर (अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परत येणारी) वाढली होती. या उपकरणाने स्पेक्ट्रम स्वच्छ दाखवला, म्हणून ट्रान्समीटरला हात न लावता थेट अँटेनाकडे गेलो, तर एन कनेक्टरमध्ये पाणी साचलेले सापडले.