पहाटेची काव्यफेरी : तळे, माळ आणि मळा

सोलापुरात गेल्या हिवाळ्यापासून संतकाव्याच्या सशुल्क पहाटफेऱ्या निघू लागल्या आहेत. त्या काढणाऱ्या मंडळींनी आपल्या उपक्रमाला अद्याप नाव दिलेले नाही आणि कोठे फलकही लावलेला नाही. ओळखीच्या कोणाकडून तरी व्हॉट्सॲपवर निरोप येतो, पैसे भरले की जागा नक्की होते, आणि ठरलेल्या रविवारी उजाडण्यापूर्वी हजर व्हावे लागते. ठिकाणे तीन आहेत : सिद्धेश्वर तलाव, नान्नजचे माळरान आणि माढा तालुक्यातील अरण. तलावाच्या फेरीला माणशी 250 रुपये पडतात, नान्नजला गाडीसह 600 आणि अरणला गाडी व न्याहारी धरून 800. निरोपातील ‘निसर्गाच्या सान्निध्यात आत्मिक प्रेरणा’ हे शब्द वाचून मी खरे तर गेलो नसतो, कारण त्या शब्दांच्या आधाराने आजवर अगरबत्तीपासून प्लॉटपर्यंत सर्व काही विकले गेले आहे. सिद्धरामेश्वरांची वचने मूळ कन्नडमध्ये ऐकायला मिळतील, एवढ्या एका ओळीवर भरवसा ठेवून नाव नोंदवले.

तलावाची फेरी भुईकोट किल्ल्याच्या बाजूने सुरू होते. सांगणाऱ्या बाई निवृत्त कन्नड शिक्षिका आहेत, त्यांना वचने मुखोद्गत आहेत आणि मुख्य म्हणजे त्यांना घाई नाही. सिद्धरामेश्वर हे 12व्या शतकातील शरण, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतील शिवभक्त संत, आणि वचनकार. सोलापूर तेव्हा सोन्नलिगे होते. तळ्याच्या मधोमध उभे असलेले मंदिर, आवारातील योगसमाधी, शहराभोवतीची 68 लिंगे आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत निघणारे सात नंदीध्वज हे सर्व सोलापूरकरांना पाठ असते. बाई त्यात वेळ घालवत नाहीत. त्या सुरुवात करतात ती गुरे राखणाऱ्या मुलापासून. शेतात या मुलाला एक जंगम भेटतो, आपले नाव मल्लय्या असे सांगतो, कोवळा हुरडा खातो आणि दहीभात मागतो. मुलगा घरी धावत जाऊन दहीभात घेऊन येतो, तोवर जंगम निघून गेलेला असतो. मल्लय्याला हाका मारत तो यात्रेकरूंच्या मागोमाग श्रीशैलापर्यंत जातो, कोठेच शोध लागत नाही म्हणून कड्यावरून उडी घ्यायला निघतो, तेव्हा तेथील देव मल्लिकार्जुन त्याला आवरतो आणि गावी परत जाऊन काम करण्यास सांगतो. राघवांक या कन्नड कवीने 13व्या शतकात सिद्धरामांचे जे चरित्र रचले त्यातील हा प्रसंग आहे.

ही कथा थंडीत, ज्वारी हुरड्यावर आलेली असताना, याच जिल्ह्यात ऐकणे हा वेगळा अनुभव आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि हुरडा पार्ट्यांचे दर दरवर्षी वाढत गेले, परंतु दारी आलेल्या परक्याला हुरडा चारावा आणि वर त्याने दहीभात मागितला तर पळत जाऊन आणावा, ही साधनेची पहिली पायरी असू शकते, हे त्या पार्ट्यांत कोणी सांगत नाही. बाईंनीही ते असे फोडून सांगितले नाही. त्यांनी कथा संपवली आणि ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुना’ या मुद्रिकेने, म्हणजे कवीच्या ठरलेल्या नाममुद्रेने, संपणारे एक वचन म्हटले. कड्यावरून मागे फिरवलेल्या मुलाने जन्मभर ज्याला हाक मारली त्याचेच ते नाव, हे ऐकणाऱ्याला आपोआप उमगले.

त्यानंतरचा भाग या फेरीत सर्वांत मोलाचा वाटला. 15व्या शतकात संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात ज्येष्ठ शरण अल्लमप्रभू सोन्नलिगेला येतात आणि तळी खणणाऱ्या, देवळे बांधणाऱ्या सिद्धरामांची ‘वड्डरांचा’, म्हणजे माती-दगड फोडणाऱ्यांचा, ‘नायक’ म्हणून संभावना करतात. चिडलेले शिष्य त्यांच्यावर दगड उचलतात. पुढे अल्लमप्रभू सिद्धरामांना कर्नाटकातील कल्याणला (आजचे बसवकल्याण) बसवण्णांकडे, म्हणजे महात्मा बसवेश्वरांकडे, घेऊन जातात. माती उपसणे हे मोठे की स्वतःला जाणणे मोठे, हा वाद त्या उपसलेल्या मातीच्या काठावर उभे राहून ऐकताना तो निव्वळ तत्त्वचर्चा राहत नाही, कारण अल्लमप्रभूंचे म्हणणे मान्य केले तरी समोरचे पाणी नाकारता येत नाही. पायऱ्यांजवळच्या दगडावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता आणि त्याच्या खालीच निर्माल्याची फुगलेली प्लास्टिकची पिशवी काठाला येऊन लागली होती. बाईंनी बोलणे थांबवले, शेजारच्या फुलवाल्याकडून काठी मागून घेतली, पिशवी ओढून कुंडीत टाकली, हात पुसले आणि पुढचे वचन सुरू केले. त्यावर त्या काहीही बोलल्या नाहीत, याबद्दल त्यांना जादा गुण द्यावेत असे मला वाटते.

गालबोट लागते ते शेवटी. आयोजकांपैकी एक तरुण खिशातून ब्लूटूथ स्पीकर काढतो, बासरी सुरू होते आणि सर्वांना डोळे मिटून दहा मिनिटे बसवले जाते. मंदिरातील घंटा, काठाला लागणारे पाणी, रस्त्यावरील पहिल्या रिक्षांचे आवाज आणि फुलवाल्याचे कन्नड-मराठी हिशेब यांनी ती जागा आधीच भरलेली असते. कोठल्याशा स्टुडिओतील बासरी त्यावर ओतण्याचे कारण समजले नाही. फेरीबरोबर एक छोटी पुस्तिका मिळते. तिच्यातील निवड चांगली आहे, छपाईच्या चुका क्षम्य आहेत, परंतु प्रत्येक पानामागे बर्फाच्छादित शिखरे आणि देवदारांची वने छापलेली आहेत. उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जाणाऱ्या गावातील वाचकाला ईश्वराची आठवण हिमालयाच्या चित्रानेच व्हावी, हा आग्रह कोणाचा असावा? निवडुंग, बाभळ, काळी भेगाळलेली जमीन, कडब्याची गंज यांतील एकही गोष्ट पुस्तिकेत नाही, आणि ज्या कवींच्या ओळी तिच्यात आहेत त्यांनी आयुष्यभर पाहिले ते बहुतेक हेच.

नान्नजची फेरी त्या मानाने फिकी आहे. बार्शी रस्त्यावरील हे माळरान 1979 साली माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. माळढोक दिसेल या आशेने मात्र कोणी जाऊ नये, कारण तो पक्षी नामशेष होण्याच्या काठावर आहे आणि आयोजकही तसे आश्वासन देत नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरून आहे. वाट दाखवणारा तरुण पक्ष्यांत मुरलेला आहे. पिवळ्या पडलेल्या गवतात अगदी पायाजवळ दबून बसलेला चंडोल त्याने दाखवला तेव्हा तो आम्हांला दिसायलाच बराच वेळ लागला, आणि दिसल्यानंतर तो आधी कसा दिसला नाही याचे नवल वाटत राहिले. काळविटांचा एक कळप दूरवरून आमच्याकडे पाहत होता. परंतु काव्याची बाजू येथे लंगडी पडते. झाड शोधावे लागेल अशा माळावर त्याने तुकोबांचा ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरी वनचरे’ हा अभंग वाचला. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर बसणाऱ्या तुकोबांना तो सुचणे स्वाभाविक आहे. नान्नजला निदान त्यातील ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’ या चरणापाशी थांबता आले असते. तेही झाले नाही, कारण पंचवीस माणसांच्या घोळक्यात एकांत आणायचा कोठून? निम्मे लोक सेल्फी घेत होते आणि उरलेले त्यांना हळू बोला म्हणून मोठ्याने सांगत होते. मनोऱ्याजवळ बराच वेळ कोणी काही वाचू नये, बोलू नये असे ठरले होते, तेवढा वेळ मात्र उत्तम गेला. वारा गवतावरून एका बाजूने येताना दिसतो आणि मग काही क्षणांनी अंगाला लागतो, हे शहरात राहणाऱ्याला ठाऊक नसते. आयोजकांनी येथे वाचन पूर्णपणे रद्द केले तरी चालेल, आणि माणसे दहावर आणली तर फारच बरे.

तिघींत सरस अरणची फेरी. सोलापूर-पुणे महामार्गावर मोडनिंबपाशी वळले की अरण येते. सावता माळी यांचे हे गाव. 1295 साली आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी येथेच देह ठेवला आणि समाधीही येथेच आहे. पंढरपूर जवळ असूनही सावतोबा मळा सोडून वारीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला, अशी श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेपोटी आजही पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. त्यांचे 37 अभंग आपल्यापर्यंत पोहोचले ते काशिबा गुरव यांनी लिहून घेतले म्हणून. आयोजकांनी समाधीमंदिरात माथा टेकवून थेट एका शेतकऱ्याच्या मळ्यात नेले, ही त्यांची निवड मला फार योग्य वाटली.

पौषाचे दिवस, कांद्याची लागण सुरू होती. सकाळी सकाळी बायका ओल्या वाफ्यात उकिडव्या बसून रोपे लावत होत्या. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्याने एकेक रोप चिखलात दाबायचे आणि हात उचलायच्या आधी नजर पुढच्या जागेवर. मळ्याचे मालक, ज्यांना सर्वजण मामा म्हणत होते, डोक्याला मफलर गुंडाळून बांधावर बसलेले होते. रात्री अकराला लाईट आली, तेव्हापासून पहाटेपर्यंत त्यांनी दारे धरली होती. बाईंनी अभंग सुरू केला : ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी ॥’ लागणीच्या बायकांपैकी दोघींनी मान वर न करता पुढचा चरण म्हटला. ‘मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी’ येथे बाई आल्या तेव्हा मामांनी विहिरीकडे पाहिले; तेथे मोट नव्हती, पत्र्याच्या पेटीत स्टार्टर होता आणि पेटीला हळद-कुंकू लावलेले होते. “वाचा तुम्ही बाई, मी जरा आडवा होतो,” असे म्हणून ते गोठ्याशेजारच्या बाजेवर जाऊन निजले आणि आमचे वाचन संपेपर्यंत त्यांना गाढ झोप लागलेली होती. रात्रभर पाण्याच्या मागे फिरलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून पंधरा-वीस माणसे आपोआप हलक्या आवाजात बोलू लागली. नान्नजला सांगून न साधलेली गोष्ट येथे कोणी न सांगता साधली.

याच अभंगातील ‘लसूण मिरची कोथिंबिरी’ या चरणावरून आमच्यातील एका गृहस्थांनी शंका काढली. मिरची पोर्तुगिजांबरोबर भारतात आली ती 16व्या शतकात, मग तेराव्या शतकातील सावतोबांच्या मळ्यात ती कोठून आली? बाईंनी प्रश्न टाळला नाही. अभंग तोंडोतोंडी आले आहेत, गाणाऱ्यांनी आपापल्या काळातील पीक त्यात लावलेले असू शकते, असे त्यांनी सांगितले, आणि लागणीच्या बायकांपैकी एकीने, “मग आता त्यात डाळिंब घाला की,” असे उत्तर दिले. भाविकांच्या मेळाव्यात अशी शंका सहसा दडपली जाते. येथे ती मनमोकळी चर्चिली गेली आणि त्याने अभंग उणा झाला नाही. उलट सातशे वर्षे माणसे तो आपल्या मळ्यात उभे राहून म्हणत आली, याचा तो पुरावाच वाटला.

न्याहारीला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि वाफ्याच्या कडेचाच पातीचा कांदा होता. चटणी घरच्या उखळातली, तेल सुटलेली. त्याबद्दल 800 रुपयांतील काही भाग मळेकऱ्यांना मिळतो का, असे मी विचारले; ठराविक रक्कम दिली जाते असे उत्तर मिळाले, आकडा सांगितला गेला नाही. तो निरोपातच लिहावा, अशी सूचना मी केली आहे. लागणीच्या बायकांचा खाडा होऊ नये याची काळजी घेतलेली दिसली, परंतु आमच्यातील काहीजण वाफ्यात उतरून रोप लावतानाचे फोटो काढून घेत होते आणि त्यांनी लावलेली रोपे नंतर एका मुलीला उपटून पुन्हा लावावी लागली. हा हौशीपणा आयोजकांनी थांबवायला हवा.

नोंदणी करणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. तलावाची फेरी वयस्कर मंडळींना सहज झेपते, मात्र पायऱ्या ओल्या असतात. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची गर्दी असल्याने त्या दिवसांत तेथे काही ऐकू येणार नाही. नान्नजला पाणी, टोपी आणि मळकट रंगाचे कपडे न्यावेत. लहान मुलांना तेथे कंटाळा येतो. अरणला जाताना चिखलात चालेल असे पादत्राण घालावे आणि गाडीत पुढची जागा मागून घ्यावी, कारण मागच्या बाकाचे स्प्रिंग गेलेले आहेत. कन्नड येत नसले तरी अडत नाही, बाई प्रत्येक वचनाचा मराठी आशय सांगतात. एकच फेरी करायची असेल तर अरणची करावी. दोन करायच्या असतील तर तलावाची आधी, आणि बासरी सुरू झाली की उठून काठावरच्या फुलवाल्याकडे जाऊन बसण्यास कोणाची हरकत नसते.