बाल्कनीतल्या सुतारकामासाठी छोटी मिनी सॉ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरातलं पहिलं शेल्फ मी सुतारकाकांकडून मागून आणलेल्या मार्बल कटरने कापलं. आपल्याकडे बहुतेक साइटवर प्लाय या चार इंची कटरनेच कापतात. 110 मिमीचं लाकडाचं ब्लेड लावलं की काम सुरू. पण हे यंत्र मुळात फरशी कापण्यासाठी बनलेलं आहे. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे, आणि उचलल्यावर ब्लेड झाकणारं कव्हर नाही. मी फळी दोन स्टुलांवर फक्त टोकांना टेकवली होती. कापत मध्यावर आले तशी ती खाली वाकली, कापलेली फट मिटली, ब्लेड त्यात आवळलं गेलं आणि कटर उसळून मागे आला. माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावरून गेला. काकांचा हात वीस वर्षांचा आहे, माझा नव्हता. त्याच आठवड्यात मी स्वतःसाठी यंत्र शोधायला लागले.

जिगसॉ, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या बारीक पात्याची करवत, आधीपासून घरात होती. गोलाई कापायला तिच्यासारखं काही नाही. पण जाड लाकडात तिची पाती खालून वाकते आणि कापलेली कड गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहत नाही. शेल्फला सरळ कड हवी. सात इंची सर्क्युलर सॉ दुकानात हातात घेऊन पाहिली. चार बाय नऊ फुटांच्या बाल्कनीत ती एकटीने सांभाळणं मला जमलं नसतं. म्हणून 85 मिमी ब्लेडची, वायरवर चालणारी मिनी सॉ घेतली. हिचं ब्लेड कव्हरच्या आत असतं, दाबल्यावर खाली उतरतं, दाब सोडला की परत आत जातं. माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फरक.

घेताना सगळे वॅट विचारतात. मी म्हणेन, कापण्याची खोली बघा. माझ्या यंत्राच्या डब्यावर 27 मिमी लिहिलंय आणि 18 मिमीच्या प्लायला ते भरपूर वाटतं. पण पाया 45 अंशांत तिरका केला की खोली साधारण 19 मिमीच उरते, म्हणजे तोच प्लाय कसाबसा पार होतो. सरळ कापायला मी सुरुवातीला यंत्राच्या पायाखाली 6 मिमीची पट्टी घातली होती. तिथेही तेवढी खोली गेली. आता ॲल्युमिनियमची पट्टी बाजूला शिकंज्याने आवळते आणि यंत्र तिच्या कडेला टेकवून पुढे सरकवते. फळीखाली दोन इंची थर्माकोलची शीट पूर्ण लांबीभर असते. त्यामुळे फळी वाकत नाही, फट मिटत नाही. ब्लेड फळीच्या खाली तीन-चार मिमीच येईल एवढंच उतरवते.

सनमायका लावलेला प्लाय असेल तर चांगली बाजू खाली ठेवा. अशा करवतीचे दात पुढच्या बाजूला खालून वर येतात, त्यामुळे टवके वरच्या पृष्ठावर उडतात. रेषेवर मास्किंग टेप लावली की तेही कमी होतं.

सोबत आलेलं साधं स्टीलचं ब्लेड सागवानात महिन्याभरातच बोथट झालं. सागात सिलिका असते, ती धार खाते. कड काळी पडायला लागली तेव्हा आधी मला वाटलं मोटर कमी पडतेय. कार्बाइडच्या दातांचं 24 दाती ब्लेड लावलं आणि तोच तुकडा सहज कापला गेला. दातांवर राळ चिकटली तरी कड जळते, म्हणून अधूनमधून ब्लेड काढून रॉकेलच्या फडक्याने पुसते. प्लग काढल्याशिवाय ब्लेडला हात लावत नाही.

खरी अडचण ब्लेड मिळवण्याची आहे. 110 मिमीचं ब्लेड कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्येही मिळतं. 85 मिमीचं मला पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपासही मिळालं नाही. ऑनलाइन मागवलं तर मधलं भोक 15 मिमीचं निघालं, माझ्या यंत्राला 10 मिमी लागतं. दहा दिवस काम अडलं. यंत्र घेण्याआधी भोकाचं माप बघून ठेवा आणि दोन ब्लेड सोबतच मागवा.

धुळीबद्दल मात्र मी कुणाला सवलत देणार नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे. यंत्राला व्हॅक्यूमची नळी जोडते तरी बराच भुसा बाहेर पडतोच, म्हणून एन-95 मास्क आणि चष्मा असतोच. ओढणी काढून ठेवते, हातमोजे घालत नाही; फिरत्या ब्लेडमध्ये कापड अडकलं तर हातही ओढला जातो.

आठ महिन्यांत दोन शेल्फं, ओट्याखालचे कप्पे आणि देवघराची पायरी झाली. मोटरचे कार्बन (आतले झिजणारे ब्रश) अजून मूळचेच आहेत. सध्या आईसाठी सागाचा पाट करायचाय. फळी 30 मिमीची आहे. ती दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी कापता येईल, पण मधोमध पायरी पडते आणि पाटाच्या कडेला ती दिसेल. ती फळी टिंबर मार्केटमधून मापात कापूनच आणणार आहे.